'आम्हां सर्वांना' : माल्टाच्या किनाऱ्यावरील आतिथ्याचे एक वाचन

प्रेषितांच्या कृत्यांचा २८ वा अध्याय आपल्या धर्मशिक्षणवर्गांत एका चित्राने ओळखला जातो, आणि ते चित्र सापाचे असते. पौलाच्या हाताला विषारी साप लटकलेला आहे, भोवती बेटावरचे लोक भयभीत उभे आहेत, आणि पौल तो साप निवांतपणे आगीत झटकून टाकीत आहे. मुलांना हे चित्र आवडते. प्रवचनकारांनाही ते सोयीचे वाटते, कारण त्यातून श्रद्धेचे सामर्थ्य सांगता येते. परंतु माल्टाच्या या प्रसंगास लूकने ज्या दहा ओव्या दिल्या आहेत त्यांतील सापाच्या वाट्यास केवळ चार आल्या आहेत. उरलेल्या सहा ओव्यांत परक्या देशी पोहोचलेल्या माणसांचे स्वागत कसे झाले, त्यांना कोणी ऊब दिली, कोणी घरी नेले, निघताना कोणी शिधा बांधून दिला, एवढेच सांगितले आहे. आमच्या मते हा वृत्तान्त मुळात आतिथ्याचा आहे; साप हा त्यातील एक अडथळा होय. आपण अडथळ्यालाच कथा समजून बसलो आहोत.

या दुर्लक्षास उपासनेच्या व्यवस्थेचाही थोडासा हातभार लागला आहे. १९६९ साली तयार झालेल्या रोमन वाचनसंग्रहात पुनरुत्थानकाळात प्रेषितांची कृत्ये दररोज क्रमाने वाचली जातात. परंतु सातव्या आठवड्यात शुक्रवारी आपण २५ व्या अध्यायात, फेस्तच्या दरबारात असतो आणि शनिवारी एकदम २८ व्या अध्यायाच्या १६ व्या ओवीवर, रोममध्ये येऊन पोहोचतो. मधला सबंध समुद्रप्रवास, वादळ, नौकाभंग आणि माल्टा गळून जातात. जणू पौल कैसरियाहून रोमला एका रात्रीत गेला! खुद्द माल्टात १० फेब्रुवारीस पौलाच्या नौकाभंगाचा सण मोठ्या थाटाने पाळतात, तेथील ख्रिस्तसभा हा उतारा विसरलेली नाही. आपल्याकडील दैनंदिन मिस्सेला नियमाने येणाऱ्या भाविकाच्या कानावर मात तो क्रमवाचनात कधीच पडत नाही. तेव्हा तो मुळातून वाचण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर आणि धर्मशिक्षकांवर येते.

प्रथम एका शब्दाकडे पाहू. बेटावरील लोकांनी जे दाखविले त्याला लूक 'फिलान्थ्रोपिया' म्हणतो. त्याचा सरळ अर्थ माणसाविषयी माणूस म्हणून वाटणारे प्रेम, असा आहे. आपल्या प्रवचनांतून या ठिकाणी बहुधा 'उपकार' हा शब्द येतो. तो चुकीचा नाही. पण उपकार म्हटला की उपकारकर्ता उंचावर आणि उपकृत खाली, अशी पायरी मनात उभी राहते. मूळ शब्दात ती पायरी नाही. नव्या करारात हे नाम केवळ दोनदा आले आहे : एकदा येथे, आणि एकदा तीताला लिहिलेल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात, जेथे ते देवाच्या मनुष्यप्रेमाविषयी वापरले आहे. एकीकडे तारणारा देव आणि दुसरीकडे पावसात शेकोटी पेटविणारे अनोळखी बेटवासी, एवढ्या दोघांनाच नव्या कराराने हा शब्द दिला आहे. याच शब्दाचे क्रियाविशेषण २७ व्या अध्यायाच्या आरंभी युल्य नावाच्या रोमन शताधिपतीसाठी आले आहे, कारण त्याने सिदोन येथे कैदी पौलाला आपल्या मित्रांकडे जाऊ दिले. म्हणजे या प्रवासात मनुष्यप्रेमाची जी दोन प्रमाणपत्रे लूकने दिली ती दोन्ही ख्रिस्ती नसलेल्यांना दिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आणि ज्यांना ते प्रमाणपत्र दिले त्यांना तो 'बार्बारोय' म्हणतो. या शब्दाचे भाषांतर 'रानटी' असे करण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्याची बोली कळत नाही, जो ग्रीक कानास 'बर बर' करतो असा भासतो, तो बार्बारोस. संस्कृतातही परकीयांसाठी बर्बर हा शब्द आला आहे, आणि तेथेही त्यात तुच्छता शिरलेली आहे. माल्टाचे लोक फिनिकी वंशपरंपरेतील प्यूनिक भाषा बोलत. इ.स.पू. २१८ पासून त्यांचे बेट रोमच्या ताब्यात होते. तेथील कापड रोममध्येही प्रसिद्ध होते, आणि तेथील जुनो देवीचे प्राचीन मंदिर वेरेस या सिसिलीच्या रोमन सुभेदाराने लुटले, असा आरोप सिसेरोने इ.स.पू. ७० मध्ये केला होता. म्हणजे हे लोक रानटी नव्हते; ते जित होते, आणि जेत्यांच्या अधिकाऱ्याकडून नागवलेही गेले होते. सुमारे इ.स. ६० च्या त्या पावसाळी पहाटे त्यांच्या किनाऱ्यावर जी ओली, थकलेली माणसे पोहत आणि फळ्यांवर तरंगत आली त्यांत रोमन सैनिकही होते. त्या सैनिकांनाही शेकोटीपाशी जागा मिळाली.

स्वतः पौल या शब्दाकडे अधिक समंजसपणे पाहतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात भाषांच्या दानाविषयी बोलताना त्याने म्हटले आहे की, भाषेचा अर्थ कळेनासा झाला की बोलणारा ऐकणाऱ्यास आणि ऐकणारा बोलणाऱ्यास, असे दोघेही परस्परांस बार्बारोस ठरतात. हे परस्परत्व लूकच्या वाक्यात उघडपणे नाही, पण प्रसंगात आहे. माल्टाच्या किनाऱ्यावर खरे 'बर्बर' कोण होते? ज्यांना आपण कोणत्या बेटावर आलो आहोत हेही ठाऊक नव्हते, ज्यांची बोली तेथे कोणास कळत नसावी, ते आलेले लोकच.

आता 'आम्ही' या सर्वनामाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण मराठी वाचकास येथे एक विशेष सोय आहे. प्रेषितांच्या कृत्यांत काही भाग 'आम्ही' अशा प्रथमपुरुषी निवेदनात येतात. त्यांतील सर्वांत दीर्घ भाग हाच, २७ व्या अध्यायाच्या आरंभापासून २८:१६ पर्यंतचा. हा लेखक स्वतः प्रवासात होता म्हणून असे लिहितो, की सागरप्रवासाच्या वर्णनाची ती एक प्राचीन वाङ्मयीन रीत आहे, यावर अभ्यासकांत वाद आहे. व्हर्नन रॉबिन्स यांनी १९७८ साली दुसरा पक्ष हिरिरीने मांडला. त्यांनी दिलेली प्राचीन उदाहरणे पुरेशी नाहीत असे पुष्कळांना वाटले, आणि आम्हांसही वाटते. जेम्स स्मिथ या स्कॉटिश नौकानयनतज्ज्ञाने १८४८ साली या प्रवासावर जो ग्रंथ लिहिला त्यात क्लौदा बेटापासून माल्टापर्यंत वाऱ्यावर वाहत जाणाऱ्या जहाजास सुमारे १३ दिवस लागतील असे गणित मांडून दाखविले आहे. लूक १४ वी रात्र सांगतो. इतके अचूक वर्णन ऐकीव माहितीवर रचता आले असते काय? असो. आमचा मुद्दा वेगळा आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. ऐकणाऱ्यास वगळून बोलायचे तर आम्ही, त्यास सामील करून बोलायचे तर आपण. बडोद्यातील आमच्या वाचकांस गुजरातीत आणि हैदराबादेतील वाचकांस तेलुगूत हाच भेद रोज भेटतो. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस हिंदीच्या 'हम' मध्ये तो सापडत नाही. ग्रीकमध्येही तो नाही. त्यामुळे मराठी भाषांतरकारास प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागते, आणि निवड करताना विचारावे लागते की या सर्वनामाच्या आत नेमके कोण कोण आहे. असे विचारीत हा भाग वाचला तर एक आश्चर्य दिसते. २७ व्या अध्यायाच्या पहिल्या दोन ओव्यांत 'आम्ही' म्हणजे पौल, निवेदक आणि थेस्सलनीकेचा अरिस्तार्ख, एवढेच तिघे आहेत. 'दुसरे काही कैदी' आणि सैनिक हे त्याबाहेरचे. वादळ वाढत जाते तसतसे हे सर्वनाम सैल होऊ लागते. आपण वाचू ही आशा सर्वांचीच सुटते. ३७ व्या ओवीत, पौलाने सर्वांदेखत भाकर मोडल्यावर, निवेदक सांगतो की जहाजावर आम्ही सर्व मिळून २७६ जण होतो. (काही प्राचीन हस्तलिखितांत सुमारे ७६ असा पाठ आहे, पण मोठी संख्याच बहुतेक संपादक स्वीकारतात.) तिघांचे 'आम्ही' २७६ जणांचे झाले. त्यात कैदी आहेत, त्या कैद्यांना ठार मारावे असे थोड्याच वेळाने ठरविणारे सैनिक आहेत, होडी घेऊन पळून जाऊ पाहणारे खलाशी आहेत. आणि २८:२ मध्ये बेटवासीयांनी कोणास जवळ केले? 'आम्हां सर्वांना'. 'सर्वांना' हा शब्द लूकने मुद्दाम घातला आहे. तो नसता तरी वाक्य पूर्ण झाले असते.

त्या वाक्यातील क्रियापदही महत्त्वाचे आहे. 'प्रोस्लाम्बानोमाय' म्हणजे जवळ घेणे, आपल्यात सामावून घेणे. प्रिस्किल्ला व अक्विल्ला यांनी अपुल्लोला जवळ घेतले तेव्हा लूकने हेच क्रियापद वापरले आहे. पण अधिक मोलाचा दुवा पौलाच्या लेखणीत आहे. रोमकरांस लिहिताना १४ व्या आणि १५ व्या अध्यायांत त्याने विश्वासात दुर्बळ असलेल्यांस जवळ करण्याविषयी, आणि ख्रिस्ताने आपल्याला स्वीकारले तसे एकमेकांस स्वीकारण्याविषयी विनविले आहे. तेथे हेच क्रियापद आहे. जे आतिथ्य पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांकडे पत्राने मागितले, ते त्याला रोमला पोहोचण्यापूर्वी, ख्रिस्ताचे नावही न ऐकलेल्या लोकांकडून मिळाले. त्याच पत्राच्या आरंभी त्याने आपण ग्रीकांचे आणि बर्बरांचे ऋणी आहोत असे लिहिले होते. पत्र लिहिताना त्या ऋणाचा अर्थ, शुभवर्तमान सांगण्याचे आपल्यावर असलेले कर्तव्य, असा होता. माल्टात ते ऋण साधे, व्यवहारातले झाले : जळण, आडोसा, जेवण. प्रेषित खरोखरच बर्बरांच्या देण्यात आला.

येथे प्रसंगांचा क्रम नीट पाहावा. आधी शेकोटी, मग साप. लोकांनी आग पेटविली तेव्हा आलेल्यांपैकी कैदी कोण, पहारेकरी कोण, अपराधी कोण, प्रेषित कोण, याची चौकशी झालेली नव्हती. पाऊस होता, थंडी होती, एवढे कारण लूक देतो. साप डसल्यावर मात्र त्यांना शंका येते की हा खुनी असला पाहिजे, आणि न्यायदेवता त्यास सोडीत नाही. पण त्या शंकेनंतरही त्यास शेकोटीपासून उठविल्याचे लूक सांगत नाही. ते वाट पाहत राहतात. त्यांचे धर्मज्ञान चुकले, आतिथ्य चुकले नाही. ज्यांचे धर्मज्ञान निर्दोष असते त्यांच्या बाबतीत पुष्कळदा उलट घडते, हे आपल्या पॅरिशच्या इतिहासांत ज्यांनी डोकावले आहे त्यांस सांगावयास नको.

पौल त्या वेळी काय करीत होता? काटक्या गोळा करीत होता. आपल्याकडे पाहुण्याने पाण्याचा तांब्याही स्वतः उचलू नये असा संकेत आहे, आणि धर्मगुरू पाहुणा असला तर बोलायलाच नको. येथे पाहुणा यजमानांच्या आगीत आपली मोळी घालीत आहे. साप त्या मोळीतूनच निघाला. तो काम करावयास गेला नसता तर सापाचा प्रसंगच उद्भवला नसता. चमत्कारावर प्रवचन करणाऱ्यांनी ही काटक्यांची मोळी सहसा उचललेली नाही.

यानंतर पुब्ल्य येतो. त्याला लूक 'बेटाचा प्रथम' म्हणतो, आणि हाच मान माल्टाशी संबंधित एका ग्रीक शिलालेखातही आढळत असल्यामुळे लूकची माहिती पक्की होती असे दिसते. त्याने तीन दिवस पाहुणचार केला, आणि त्याचा ताप व हगवणीने आजारी असलेला पिता पौलाच्या प्रार्थनेने व हस्तस्पर्शाने बरा झाला. हा भाग सरळ आहे. पाहुणचारासाठी वापरलेल्या क्रियापदात मात्र 'क्सेनोस' हा शब्द आहे, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. क्सेनोस म्हणजे परका, आणि पाहुणाही. एवढेच नव्हे तर यजमानही. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात पौल आपल्या यजमानाला, गायसला, क्सेनोसच म्हणतो. आपल्या देशावरच्या खेड्यांत वाटेवरच्या अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' असे विचारतात. नाव-गाव कळण्यापूर्वीच तो पाहुणा ठरलेला असतो. पुस्तकी मराठीने परका आणि पाहुणा हे दोन शब्द वेगळे ठेवले, खेड्यातील बोलीने ते एक केले. हा उतारा ग्रामीण भागात समजावून सांगताना आमच्या धर्मशिक्षकांनी 'आदरातिथ्य' या जड शब्दापेक्षा या 'पाव्हणं'चा आधार घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

आता एक अडचण. तीन महिने पौल माल्टात राहिला, आणि लूकने त्याचे एकही भाषण दिलेले नाही. कोणाचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद नाही. भाषणांनी भरलेल्या या ग्रंथात ही शांतता जाणवण्यासारखी आहे. माल्टाची परंपरा पुब्ल्यास तेथील पहिला बिशप मानते, आणि ती परंपरा आदरणीय आहे. पण लूक तसे म्हणत नाही. भाष्यकारांनी ही पोकळी निरनिराळ्या तऱ्हांनी भरली आहे. काही म्हणतात, लूकने ते गृहीत धरले. काहींनी तर दोष दिला की येथे पौल माणूस उरत नाही, तो चमत्कारी दैवी पुरुष होतो. कारण लुस्त्र येथे लोकांनी त्याला देव म्हटले तेव्हा त्याने कपडे फाडून निषेध केला होता, आणि माल्टात लोक तेच म्हणतात तर निषेधाचा शब्द नाही. २०१३ साली जोशुआ जिप यांनी या प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, देव परक्याच्या वेशात दारी येतात या प्राचीन कल्पनेच्या प्रकाशात तो वाचला. तो प्रयत्न उपयुक्त आहे, विशेषतः इब्री लोकांस पत्राचा १३ वा अध्याय शिकविणाऱ्यांस. तथापि या वाचनात लक्ष पुन्हा पाहुण्याच्या थोरवीकडे वळते, ही आमची तक्रार आहे. पाहुणा गुप्तपणे देव किंवा देवदूत असेल म्हणून त्यास जवळ करावे, असे माल्टात घडले नाही. देवत्वाचा तर्क सहाव्या ओवीत आहे. शेकोटी दुसऱ्या ओवीत पेटली आहे. लूकने भाषण दिले नाही कारण, आमच्या मते, या प्रसंगी बोलण्याची पाळी यजमानांची होती.

परदेशी स्वीकारले जाण्याचे दुसरे एक चित्र आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतच आहे, आणि ते या उताऱ्याशेजारी ठेवून पाहावे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना आश्रय दिला, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आतिथ्याबद्दल रमाबाईंना कृतज्ञता होती. परंतु १९७७ साली अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की दिसते, यजमानांची माया खरी असूनही तिच्याबरोबर एक अपेक्षा हळूहळू आली : पाहुणीने यजमानांच्याच रीतीने विश्वास मानावा, आणि अधिकाऱ्यांच्या निर्णयापुढे मान तुकवावी. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेतले गेले आणि ते प्रतिकूल आले. रमाबाईंनी आपला शाकाहार सोडला नाही, प्रश्न विचारणेही सोडले नाही. पुढे अमेरिकेतही त्यांचे मोठे स्वागत झाले. तरी १८८९ च्या आपल्या प्रवासवृत्तात, त्या देशाची मुक्त प्रशंसा करतानाच, तेथील मूळ रहिवाशांवर झालेल्या अन्यायाविषयी त्यांनी लेखणी आवरली नाही. पाहुण्याने मिंधे होऊ नये, हे त्यांच्याकडून शिकावे. माल्टाच्या वृत्तान्तात यजमानांची अशी कोणतीही अट दिसत नाही. पौलाने तीन महिन्यांत काय मानावे, याविषयी ते काही मागत नाहीत, आणि निघताना लागेल ते सामान जहाजावर चढवून देतात.

या उताऱ्याचा आजच्या जगातील वापरही तपासला पाहिजे. जून २०१८ मध्ये 'अॅक्वेरियस' नावाचे जहाज भूमध्य समुद्रातून वाचविलेल्या ६२९ माणसांना घेऊन उभे होते. इटली आणि माल्टा या दोन्ही देशांनी त्यास बंदर नाकारले. शेवटी स्पेनने वालेन्सिया बंदरात त्यांना उतरू दिले. माल्टानेही त्या समुद्रात अनेक जीव वाचविले आहेत, आणि लहानशा बेटावर पडणारा भार मोठा आहे, हे मान्य करून आम्ही हे लिहीत आहोत. पुढे दोनच वर्षांनी, २०२० च्या ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताहाचे साहित्य माल्टातील ख्रिस्तसभांनी एकत्र येऊन तयार केले, आणि त्याचे सूत्रवाक्य म्हणून २८:२ निवडले. त्यांनी निर्वासितांचा विषय टाळला नाही, हे त्यांचे धैर्य. परंतु त्या आठ दिवसांच्या चिंतनात आतिथ्य हा एका दिवसाचा विषय झाला. बाकीच्या दिवसांत वादळ, दोरखंड, भाकर, प्रकाश यांची आध्यात्मिक रूपके झाली. रूपकांना आमचा विरोध नाही. पण बुडालेल्या माणसाची ओली वस्त्रे रूपक झाली की ती वाळविण्याची निकड राहत नाही. आमच्या धर्मप्रांतांतही तो सप्ताह पाळला गेला, भाषांतरित प्रार्थना म्हटल्या गेल्या, पण वीटभट्टीवर आणि ऊसतोडीवर परप्रांतातून आलेल्या कुटुंबांचा उल्लेख त्या प्रार्थनांत किती ठिकाणी झाला असेल?

बेळगाव, बडोदा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी ख्रिस्ती समाजास हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. आपले पूर्वज तेथे परके म्हणून गेले. कोणाच्या तरी देवळात, कोणाच्या तरी भाषेतील उपासनेत प्रथम बसले. पुढे आपली स्वतंत्र मराठी उपासना झाली, आणि 'आम्ही' हा शब्द पुन्हा घट्ट झाला.

लूकचे 'आम्ही' २८:१६ वर संपते. पुत्युल येथे बंधुजनांनी सात दिवस ठेवून घेतले, अप्पियाच्या बाजारापर्यंत रोमचे बंधू सामोरे आले, पौलास धीर आला, आणि रोममध्ये शिरताच निवेदक मागे सरतो. शेवटच्या दोन ओव्यांत पौल पहारेकऱ्यासह भाड्याच्या घरात दोन वर्षे राहतो, आणि आपल्याकडे येणाऱ्या सर्वांचे स्वागत करतो. क्रियापद वेगळे आहे, पण 'सर्वांना' हा शब्द तोच आहे. कैदी यजमान झाला आहे.

पॅरिशमध्ये हा उतारा वाचावयाचा झाल्यास तो २७:३३ पासून, म्हणजे जहाजावरील भाकरीपासून घ्यावा आणि २८:१० पर्यंत अखंड वाचावा. सापाच्या चार ओव्या घाईने वाचल्या तरी चालतील. 'आम्हां सर्वांना' येथे वाचकाने थांबावे.